परतीचा आहेर

घराखालीच औषधाचं दुकान असताना मी रिक्षा करून औसा रोडच्या पार टोकाला जातो. तिथला दुकानदार मला ओळखत नाही, आणि ओळखत असला तरी तसं दाखवत नाही, एवढ्यावर मी खूश आहे. मागायचं ते मी हळू आवाजात मागतो. मोठ्या माणसांचे डायपर, लार्ज. तो ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालतो. कुणी ओळखीचं भेटलंच तर सासऱ्यांना लागतात म्हणून सांगायचं, असं मी ठरवून ठेवलंय. सासरे जाऊन जमाना झाला, पण लातुरात कोण कुणाच्या सासऱ्याचा हिशोब ठेवतंय? तर त्या दुपारी पिशवी हातात घेतली आणि खिशातला फोन वाजला. नांदेडहून गुरुपादप्पा. माझे व्याही, माझ्या अक्षराचे सासरे, रिटायर्ड प्राचार्य. त्यांचा फोन आला की मी आधी खाकरून घसा साफ करतो, कारण त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'काय व्याही, ठणठणीत?' आणि माझंही ठरलेलं, 'एकदम.' त्या दिवशी त्यांनी ते विचारलंच नाही. 'एकटेच आहात का?' ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाटलं दुसराच कुणी बोलतोय. 'घरी गौरम्मा वहिनींना सांगू नका एवढ्यात. माझं ते प्रोस्टेटचं पीएसए रक्तात वाढून आलं. तुकडे काढून तपासले. निघालं.' काय निघालं हे मी विचारलं नाही. ज्याच्यात एकदा निघालंय त्याला विचारावं लागत नाही. 'तुम्ही या व्याही,' ते म्हणाले, 'ह्या बाबतीत तुमच्याशिवाय कुणाशी बोलू?' आणि खरं सांगतो, त्या दुकानाच्या पायरीवर, हातात ती पिशवी धरून, मला आनंद झाला. लाज वाटायला पाहिजे होती, वाटली नाही. थंडीत चहाचा पहिला घोट उतरतो तसं काहीतरी पोटात उतरत गेलं. 'उद्या सकाळच्या गाडीनं निघतो,' मी म्हटलं, आणि रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी हसतोय.

हे सगळं सुरू झालं ते माझ्या साठीला. मी अडत्या माणूस, मोंढ्यात सोयाबीन आणि तुरीत आयुष्य गेलं; साठी म्हणजे जंगमांना जेवण आणि चार पाव्हणे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पण व्याही नांदेडहून आले ते पाकीट घेऊन. धोतरजोडी नाही, शाल नाही, लांबट पाकीट. माइक कुणी दिला नव्हता, तो त्यांनी मागून घेतला. 'आजकाल कपड्यांचे आहेर कशाला?' ते म्हणाले. 'व्याह्यांना मी आयुष्याचा आहेर करतोय.' आत हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यातली डोक्यापासून पायापर्यंतची तपासणी होती, नवरा-बायको दोघांची. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काहीही होत नव्हतं. रात्री एकदा उठत होतो; साठीला कोण उठत नाही? माझी बायको गौरम्मा कानाशी पुटपुटली, 'कशाला उगं नसतं उकरून काढायचं?' मी तिला गप्प केलं. व्याह्यांचा आहेर नाकारता येत नाही. मुलगी त्यांच्या घरात नांदते. धोतर आवडलं नाही तर घडी करून ठेवून देता येतं, आणि पुढंमागं त्यांच्या घरच्या कार्याला तोलामोलाचं काहीतरी परत करून मोकळं होता येतं. हे पाकीट ठेवून देता येण्यासारखं नव्हतं, कारण गुरुपादप्पा दर आठवड्याला फोन करून विचारत होते, 'गेलात का?' शेवटी तेच गाडी घेऊन आले आणि आम्हाला घेऊन गेले. गौरम्माचं सगळं चांगलं निघालं. माझा एक आकडा जरा वर निघाला. जरा. मग आकड्यावरून फोटो, फोटोवरून सुई. ती सुई मी बघितली आणि मला ओळखीची वाटली, कारण मोंढ्यात आम्ही पोत्यात पोकळ सळी खुपसून दाणे काढतो ते ह्याच तऱ्हेनं. चाळीस वर्षं मी ते केलंय. तळहातावर दाणे पसरायचे, डागी किती, माती किती, ओल किती, बघायचं. चार डागी दाणे निघाले म्हणून मी कधी पोतं नेऊन उकिरड्यावर ओतलेलं नाही. भाव कमी धरायचा, नाहीतर थप्पीला लावून ठेवायचं आणि आठ दिवसांनी पुन्हा बघायचं. ही अक्कल माझ्याजवळ होती. ती त्या दिवशी मी दवाखान्याच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवली असावी.

डॉक्टरच्या केबिनमध्ये गुरुपादप्पा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. खरं तर मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो. त्या डॉक्टरला हिंदी येत होती, बाहेर नर्सशी तो आमच्यासारखीच दख्खनी बोलताना मी ऐकला होता. पण गुरुपादप्पांनी सुरुवातच इंग्रजीत केली. आपण प्राचार्य होतो हे डॉक्टरलाही कळायला पाहिजे होतं. मग दोघांचं इंग्रजी सुरू झालं आणि मी एकदा ह्याच्या तोंडाकडं, एकदा त्याच्या तोंडाकडं बघत बसलो. डॉक्टर दोन-तीनदा 'वेट' म्हणाला. तेवढा एकच शब्द मला कळला. काट्यावर दिवसभर तोच शब्द असतो, ग्रॉस वेट, नेट वेट. मला वाटलं वजन विचारतोय. 'अठ्ठ्याहत्तर किलो,' मी सांगितलं. डॉक्टर हसला, गुरुपादप्पा तर पोट धरून हसले, मग त्यांनी माझा गुडघा थोपटला आणि इंग्रजीत पुढं बोलत राहिले. बऱ्याच वेळानं माझ्याकडं वळले. 'काढावं लागतंय व्याही. घाबरू नका, मी आहे.' मी मान हलवली. कॅन्सर हा शब्द तोवर माझ्या डोक्यात इतका वाजायला लागला होता की कुणी माझं डोकं काढावं लागतंय म्हटलं असतं तरी मी मान हलवली असती.

काढलं. आणि त्या दिवसापासून मी गळतो. साधं सांगायचं तर तेच. खोकलो की गळतो, हसलो की गळतो, पोत्यावरून उठलो की गळतो. डॉक्टर म्हणाले होते, तीन महिन्यांत सुधारेल. मग म्हणाले, सहा. मग म्हणाले, वयाप्रमाणे होतं. जन्मभर पांढरं धोतर नेसलो, आता काळी पँट घालतो. मोंढ्यात सगळे म्हणतात, गुंडप्पा सावकार आजारातून उठले आणि शौकीन झाले. सकाळी आंघोळ करून विभूती लावून मी गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो, डोळे मिटतो, आणि मांडीला ओल लागते. आपल्यात विटाळ मानत नाहीत, गौरम्मा मला शंभरदा समजावते, 'देव काय तुमच्या पँटीत बघून राहिला का?' तिचं बरोबर आहे. तरी मी पूजा अर्धी सोडून पँट बदलायला उठतो. आणि दुसरं जे गेलं त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. पहिल्या पहिल्यांदा ती माझ्या पाठीवर हात ठेवायची. मग मीच कूस बदलायला लागलो. आता ती भिंतीकडं तोंड करून झोपते आणि तिला झोप लागलेली नसते, हे मला तिच्या श्वासावरून कळतं. माझ्या त्या व्याह्यानं आमच्या अंथरुणातून काय उचलून नेलं हे त्याला माहीतही नाही. उलट कुठलंही लग्न असो, मुंज असो, संस्थेचा सत्कार असो, तो मला हाताला धरून पुढं ओढतो आणि म्हणतो, 'हे माझे व्याही. यांचा कॅन्सर मी पकडला. आज बघा, ठणठणीत.' मी हात जोडतो. बायका कौतुकानं बघतात. कुणी पुरुष मला बाजूला घेऊन विचारतो, आम्हीपण करून घ्यावं का? मी म्हणतो, घ्या की. काय सांगणार दुसरं? मी लंगोट बांधून उभा आहे असं लग्नाच्या मांडवात सांगू? दोन वर्षं मी ह्या माणसाचा देखाव्याचा बैल झालोय, शिंगांना गोंडे बांधलेला. मनातल्या मनात मी त्याला किती तऱ्हांनी मारलंय त्याला गणती नाही. त्याच्याच सत्काराच्या नारळानं मारलंय.

गेल्या दिवाळीनंतर गौरम्मानं मला बळंच लातुरातल्याच एका डॉक्टरबाईकडं नेलं. शिवांगी मॅडम. वयानं माझ्या अक्षराएवढ्या. त्यांनी गळण्यावर व्यायाम सांगितले, औषध दिलं, आणि मग म्हणाल्या की त्या अशा ऑपरेशन झालेल्या माणसांचा अभ्यास करतायत, मला चार प्रश्न विचारले तर चालेल का? मी म्हटलं, विचारा. 'ऑपरेशनशिवाय दुसरा मार्ग आहे असं कुणी सांगितलं होतं?' मी म्हटलं, 'न्हाई. दुसरा इलाजच नव्हता.' त्यांनी ते लिहून घेतलं. 'निर्णय कुणी घेतला? तुम्ही, डॉक्टरांनी की घरच्यांनी?' आता माझ्यासारखा माणूस, ज्याच्या एका शब्दावर मोंढ्यात ट्रक भरतात, तो परक्या बाईसमोर काय सांगणार? 'मीच,' मी म्हटलं. मग त्यांनी मला समजावून सांगितलं. म्हणाल्या, हा रोग सगळ्यांत सारखा नसतो. काही गाठी धावतात, त्या लवकर सापडल्या तर माणूस वाचतो. काही अशा बसून असतात की माणूस म्हातारा होऊन दुसऱ्याच कशानं जातो आणि ती आत होती हे त्याला कळतही नाही. तपासत सुटलं की ह्या बसलेल्याही सापडतात. आणि सापडलेली गाठ कुणाला बघवत नाही. 'माझी कुठली व्हती?' मी विचारलं. त्यांनी माझे कागद पुन्हा पाहिले. 'बसलेली असावी,' त्या म्हणाल्या, 'पण खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही काका. ती काढून टाकली ना. ठेवली असती तर कळलं असतं.' मी घरी आलो आणि जेवलो नाही. चोरी झाली की नाही हेच कळायला मार्ग नाही, अशी ही चोरी. कदाचित त्या माणसानं माझा जीव वाचवला असेल. कदाचित त्यानं मला फुकट कापायला लावलं असेल. दोन्हीपैकी काय, ते वर गेल्यावरही मला कुणी सांगणार नाही. ह्या विचारानं राग कमी व्हायला हवा होता, पण तो दुप्पट झाला, कारण आता त्याला टेकायला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या गाडीत खिडकीपाशी बसलो आणि सबंध रस्ताभर एकच विचार घोळवत राहिलो. त्याला काय सांगायचं? गाडीत बसायच्या आधी मी दोन तास पाणी पीत नाही. अहमदपूरच्या स्टँडवर कुठल्या बाजूची मुतारी बरी आहे हे मला पाठ आहे. तिथं कपडे सावरत असताना मला पहिल्यांदा उमगलं की मी पेचात सापडलोय. खरं सांगितलं, की बघा तुमच्या आहेरानं माझं काय झालं, तर त्याचा माज उतरेल, दोन वर्षं मला हवं होतं तसं त्याचं तोंड पडेल. पण ते ऐकून तो सावध होईल. कापून घेणार नाही. कोरडा राहील. आणि खोटं सांगितलं, की काही त्रास नाही, बिनधास्त करा, तर त्याचंही माझ्यासारखंच होईल, पांढऱ्याशुभ्र पँटीत सकाळी फिरायला जाणारा हा माणूस खिशात पिशवी घेऊन फिरेल. पण मग मी ठणठणीतच राहीन, त्याच्या पोवाड्यातला. त्यानं मला वाचवलं हे जन्मभर खरं ठरेल. एका हातानं मारायला जावं तर दुसऱ्या हातानं त्याला सोडावं लागत होतं. माळाकोळीच्या पुढं मी ठरवून टाकलं. खोटं सांगायचं. माज राहू दे त्याचा. अंग तर भिजेल. लोह्याला गाडीनं जोरात ब्रेक मारला, मला धक्का बसला आणि माझंच अंग भिजलं. मी दात खाऊन बाहेर बघत राहिलो. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. कशासाठी ते मी विचारलं नाही, पण पुढचा सगळा रस्ता मला तिच्या पदराशिवाय दुसरं काही दिसलं नाही.

नांदेडात भाग्यनगरला घराच्या फाटकाशीच गुरुपादप्पा उभे होते. 'शरणार्थ, शरणार्थ,' म्हणत त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत. माणूस आटला होता. दाढी वाढली होती. हा माणूस मी कधी दाढी वाढलेला पाहिला नव्हता. बायकांना चहापुरतं भेटवून त्यांनी मला त्यांच्या खोलीत नेलं, दार लावलं. भिंतभर सत्काराच्या पाट्या. त्यातल्या एका फोटोत मीपण होतो, हात जोडलेला. 'घरात आता सगळ्यांना सांगितलं,' ते म्हणाले. 'सगळे म्हणतात, गुंडप्पा मामांकडं बघा आणि काढून टाका. पण मला झोप नाही व्याही. ह्या वेळी हैदराबादला नाही गेलो, इथंच एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणतात, लहान आहे, सावकाश वाढणारं आहे, दोन मार्ग आहेत. काढायचं, नाहीतर तसंच ठेवून तपासत राहायचं, वाढायला लागलं तर बघायचं. मी म्हटलं, तुम्हीच सांगा काय ते. तर म्हणे, सर, अंग तुमचं आहे, विचार करून तुम्ही सांगा. आता ही काय पद्धत झाली?'

'म्हंजे कापायचंच असं न्हाई?' मी विचारलं.

'नाही ना. वेट अँड वॉच. तुमच्या वेळीही तो हैदराबादचा डॉक्टर म्हटला होता की.'

'काय म्हटला व्हता?'

'हेच. वेट करा, घाई नाही. मीच म्हटलं, नो वेटिंग. आमचे व्याही साधे गृहस्थ, डोक्याला घोर लावून घेतील, त्यापेक्षा काढून मोकळं करा.' आणि त्या हालतीतही त्यांना हसू आलं. 'तुम्ही नाही का, वजन सांगितलंत तेव्हा.'

ते हे इतक्या सहज बोलले की मीही त्यांच्याबरोबर थोडा हसलो. मग ते मला हळूहळू कळत गेलं. थांबा. तो डॉक्टर मला थांबा म्हणत होता आणि मी त्याला किलो सांगत होतो. माझ्या पोत्याचा सौदा माझ्यासमोर झाला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं माझ्या वतीनं हो म्हणून टाकलं. शिवांगी मॅडमना मी काय सांगितलं होतं? दुसरा इलाजच नव्हता. निर्णय मीच घेतला. डोक्यात राख घालून घेणं म्हणजे काय ते मला त्या खोलीत कळलं, कारण भिंतीवरच्या सगळ्या पाट्या मला राखाडी दिसायला लागल्या. मी दोन वर्षं ह्या माणसाचा द्वेष करत होतो तो अंदाजानं. आता माझ्या हातात पुराव्याचा नग आला. आणि तो समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत होता, माझ्या घरचं कुत्रं बघतं तसा. 'खरं सांगा व्याही,' तो म्हणाला, 'नंतर काही त्रास? लघवीचा वगैरे? पुरुषपणाचा? इंटरनेटवर काहीबाही लिहिलंय. तुम्ही जे सांगाल ते मी करणार.'

'काही न्हाई,' मी म्हटलं. 'करून टाका. लई दिवस लावू नका.'

मला वाटलं होतं त्यापेक्षा ते फार सोपं गेलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माझा हात कपाळाला लावला. मी तो हात त्यांच्या कपाळावर राहू दिला आणि मनात बघत राहिलो: हा माणूस स्टेजवर उभा आहे, गळ्यात हार आहे, भाषण चाललंय, आणि मध्येच तो थांबतो, गुडघे जवळ घेतो. त्याची बायको, गुरम्मा वहिनी, भिंतीकडं तोंड करून झोपल्यात. मी ते चित्र सावकाश बघितलं, चवीनं बघितलं. त्यात मला कुठंही वाईट वाटलं नाही, आणि ह्याचंही मला वाईट वाटलं नाही.

जेवायला गुरम्मा वहिनींनी हुग्गी, गव्हाची गोड खीर, केली होती, वर तुपाची धार. टेबलाभोवती आम्ही सगळे. अक्षरा वाढत होती, जावई राजशेखर माझ्या समोर. गुरुपादप्पा दाढी करून आले होते. तासाभरात माणसाचा आवाज परत आला होता. 'ऐका सगळे,' ते म्हणाले, 'माझं ठरलं. ऑपरेशन करून टाकायचं. व्याह्यांनी धीर दिला. त्यांना मी वाचवलं, आता त्यांनी मला वाचवलं. ह्याला म्हणतात परतीचा आहेर.' सगळे हसले. गुरम्मा वहिनींनी माझ्या वाटीत आणखी तूप ओतलं. 'आणि मी बरा झालो की आपण दोघं मिळून शिबिर घ्यायचं व्याही, तुमच्या मोंढ्यातच. हमाल, मापाडी, अडते, पन्नाशीवरचे सगळे. मी बोलतो, तुम्ही फक्त उभं राहायचं. तुम्हाला बघितलं की पुरे. राजशेखरचंही एकदा करून घेऊ, काय?' राजशेखरनं मान हलवली. ती मान मी ओळखली. तशीच मी हैदराबादला हलवली होती. आता मी पुढं जे केलं ते जावयासाठी केलं, अक्षराच्या संसारासाठी केलं, असं कुणी म्हणालं तर मला चांगलं दिसेल. पण तसं नव्हतं. मी ते त्या एका वाक्यासाठी केलं, त्यांना मी वाचवलं, ह्या वाक्यासाठी. ते मला आता ऐकवत नव्हतं. त्याचं अंग भिजावं ही माझी हौस होती, पण त्याचं तोंड बंद व्हावं ही त्याहून मोठी हौस निघाली. हुग्गीची वाटी माझ्या हातात होती. मला ठसका लागला, आणि जे व्हायचं ते झालं.

'मला धरवत न्हाई,' मी म्हटलं.

'ठेवा की अप्पा खाली,' अक्षरा म्हणाली आणि वाटी घ्यायला पुढं झाली.

'वाटी न्हाई गं. लघवी. ऑपरेशन झाल्यापासून धरवत न्हाई. तू बाळाला बांधत व्हतीस तसलं मी बांधून फिरून राहिलो, दोन वर्षं. आत्ता बी ओला हाय मी, तुझ्या सासऱ्याच्या ह्या खुर्चीत. बाकीचं तुझ्या अव्वाला इचार, ती सांगल वाटलं तर.'

गुरम्मा वहिनींच्या हातातलं तुपाचं भांडं तसंच तिरपं राहिलं आणि टेबलावर तूप सांडत गेलं. 'अहो, पण आत्ता तुम्ही मला आत म्हणालात,' गुरुपादप्पा म्हणाले, 'काही त्रास नाही म्हणून.'

'खोटं बोललो.'

'का?'

'तुमचं बी तसंच व्हावं म्हणून.'

ते बोलल्यावर मला हलकं वाटलं नाही. अक्षराच्या तोंडाकडं मला बघवेना, म्हणून मी तिच्या हातातल्या पळीकडं बघत राहिलो. गुरुपादप्पा चिडतील असं मला वाटलं होतं. मला तेच हवं होतं. ते चिडले नाहीत. त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेत ठेवतात तसे. 'मग मी काय करू?' ते म्हणाले. हा प्रश्न त्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. सगळे माझ्याकडं बघायला लागले, जसा काही मीच डॉक्टर. एवढं होऊनही त्यांना माझ्याच तोंडून पाहिजे होतं.

'मला काय माहीत?' मी म्हटलं. 'माझं काढलं नसतं तर मी मेलो असतो की जगलो असतो, ते बी मला माहीत न्हाई. कुणालाच न्हाई. तुमच्या बाईंनी तुम्हाला इचारलंय. दोन्ही बाजू सांगून इचारलंय. तुम्ही सांगा त्यांना. माझ्या डॉक्टरनं बी सांगितलं व्हतं, थांबा म्हणून. ते माझ्यापोत्तर आलंच न्हाई.'

अक्षरानं पळी भांड्यात ठेवली. माझी पोरगी शांत स्वभावाची, सासऱ्यांसमोर मान वर करून बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

'मामा,' ती सासऱ्यांना म्हणाली, 'डॉक्टरनं थांबा म्हटलं होतं, हे तुम्हाला माहीत होतं?'

राजशेखरनं बापाकडं बघितलं. गुरुपादप्पांनी माझ्याकडं बघितलं, कुणीतरी आता मध्ये पडेल आणि सांगून टाकेल अशा आशेनं. मी त्यांच्या वतीनं काहीच बोललो नाही.